विश्लेषण : ‘टेन्शनची गोळी’ रोजची होते तेव्हा… झोपेच्या औषधांचे दुष्परिणाम कोणते? ती सोडायची कशी?

कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की ओलितासाठी शेतकरी मध्यरात्री शेतात असतो. तूर-हरभरा उभा असेल तर रोही आणि रानडुकरांपासून जागल करावीच लागते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की अकोला-अमरावतीच्या घराघरांत पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. कर्ज, लग्नकार्य, नोकरीची काळजी आणि दुखणी तर बारमाही. अशा वेळी डॉक्टरांनी दहा-पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली झोपेची गोळी जुन्याच चिठ्ठीवर महिनोन्महिने सुरू राहते. नेमक्या कारणासाठी आणि ठरावीक मुदतीपुरती घेतली तर ही औषधे उपयोगी आहेत. मुदत संपल्यावरही ती सुरू राहिली की काय होते आणि ती थांबवायची कशी, याविषयी…

झोपेची गोळी म्हणजे नेमकी कोणती?

बोलण्यात सगळ्यांनाच ‘झोपेची गोळी’ किंवा ‘टेन्शनची गोळी’ म्हटले जात असले, तरी त्यात वेगवेगळे गट आहेत. पहिला गट बेन्झोडायझेपिनचा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही त्यातली नावे. दुसरा गट झोल्पिडेम, झोपिक्लोन, एसझोपिक्लोन यांचा. त्यांना ‘झेड’ औषधे म्हणतात. तिसऱ्या गटात मुळात दुसऱ्या आजारांसाठी असलेली, पण गुंगी येते म्हणून झोपेसाठी दिली जाणारी औषधे येतात. नैराश्यावरील अमिट्रिप्टिलिन किंवा मिर्टाझापिन, गंभीर मनोविकारांवरील क्वेटियापिन आणि सर्दी-खाजेवरील काही ॲलर्जीविरोधी गोळ्या या त्यातल्याच.

यात एक गोम आहे. एस्सिटालोप्राम हे नैराश्य-चिंतेवरील औषध आणि क्लोनाझेपाम यांची एकत्रित गोळी भारतात सर्रास मिळते. मायग्रेन, पित्त, छातीतली धडधड अशा तक्रारींसाठी दिलेल्या औषधांतही कधी कधी या गटातला एखादा घटक असतो. त्यामुळे ‘मी झोपेची गोळी घेतच नाही’ असे म्हणणारा रुग्ण प्रत्यक्षात ती रोज घेत असू शकतो. पाकिटावरचे कंपनीचे नाव न पाहता त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

गोळी मेंदूत काय करते?

मेंदूला शांत करणारे ‘गाबा’ नावाचे रसायन शरीरातच तयार होते. बेन्झोडायझेपिन आणि झेड औषधे या रसायनाचा परिणाम वाढवतात. त्यामुळे भीती कमी होते, स्नायू सैल पडतात, गुंगी येते. या गटातले पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने ते शोधले होते. १९६३ मध्ये डायझेपाम आले आणि जगभर लोकप्रिय झाले. त्याआधीची बार्बिट्युरेट गटाची औषधे मात्रा थोडी चुकली तरी जिवावर बेतत. त्या मानाने ही नवी औषधे सुरक्षित होती. सवय लागण्याचा धोका मात्र उशिरा ध्यानात आला. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८८ मध्येच ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच वापरावीत, असा सल्ला दिला होता.

गोळीचा फायदा किती, हेही तपासले गेले आहे. झेड औषधांच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा खरी गोळी घेणाऱ्यांना, यंत्रावर मोजले असता, सरासरी २२ मिनिटे लवकर झोप लागली. रुग्णांच्या स्वतःच्या अंदाजानुसार हा फरक केवळ सात मिनिटांचा होता. म्हणजे फायदा आहे, पण गोळीवर टाकला जातो तेवढ्या भरवशाचा तो नाही.

सर्वसाधारणपणे कोणते दुष्परिणाम दिसतात?

सर्वात नेहमीचा त्रास म्हणजे दुसऱ्या दिवशीची गुंगी. डोके जड राहणे, चक्कर, तोल जाणे, बोलताना अडखळणे, कामात लक्ष न लागणे आणि नुकतेच घडलेले न आठवणे या तक्रारी त्यातूनच येतात. झोपिक्लोन आणि एसझोपिक्लोनने तोंडाला दिवसभर कडवट चव राहते. काहींच्या बाबतीत उलटाच परिणाम होऊन चिडचिड, अस्वस्थता आणि आक्रमकपणा वाढतो. अमिट्रिप्टिलिन आणि ॲलर्जीविरोधी गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते.

त्रास किती वेळ टिकेल हे औषध शरीरात किती काळ राहते यावर ठरते. झोल्पिडेमचे रक्तातले प्रमाण साधारण अडीच तासांत निम्म्यावर येते. अल्प्राझोलामला त्यासाठी सुमारे ११ तास लागतात, क्लोनाझेपामला ३० तासांहून अधिक. डायझेपाम आणि त्यापासून शरीरात तयार होणारे घटक तर काही दिवस राहतात. रोज गोळी घेतली की कालची पूर्ण उतरण्याआधीच आजची भर पडते.

स्त्रियांच्या शरीरातून झोल्पिडेम अधिक सावकाश बाहेर पडते. हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठीची शिफारस केलेली मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणली. नवऱ्याला लागू पडलेली गोळी बायकोने घेणे किंवा शेजारच्या काकूंची गोळी ‘पाहू तरी’ म्हणून घेणे का चुकीचे, याचे हे साधे उत्तर आहे.

झोपेत चालण्याचा, गाडी चालवण्याचा धोका खरा आहे का?

होय. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा परिणाम गंभीर असतात. झोल्पिडेम, एसझोपिक्लोन आणि झालेप्लॉन घेतलेल्या काही रुग्णांनी पूर्ण जाग नसताना चालणे, स्वयंपाक करणे, गाडी चालवणे असे प्रकार केले आणि सकाळी त्यांना काहीच आठवले नाही. अमेरिकेच्या नियामकाने ३० एप्रिल २०१९ रोजी या तिन्ही औषधांच्या वेष्टनावर सर्वात कडक, चौकटीतला इशारा छापणे बंधनकारक केले. २६ वर्षांत नोंदल्या गेलेल्या ६६ गंभीर घटना त्यामागे होत्या. त्यांपैकी २० मध्ये मृत्यू झाला होता. असा प्रकार कमी मात्रेने आणि अगदी पहिल्या गोळीनेही होऊ शकतो. एकदा जरी घडला, तरी ते औषध पुन्हा घ्यायचे नसते.

हे प्रकार बहुधा घरच्यांनाच आधी दिसतात. रात्री उठून केलेला फोन, उघडे राहिलेले दार, शेगडीवर चढवलेले भांडे आणि सकाळी ‘मी कुठे उठलो होतो?’ हे उत्तर ऐकू आले तर हसण्यावारी न नेता डॉक्टरांना सांगायला हवे.

वऱ्हाडात हा प्रश्न वेगळा का?

झोल्पिडेमसारखी गोळी घेताना पुढे सात ते आठ तास सलग झोपायला मिळणार असेल तरच घ्यावी, अशी स्पष्ट सूचना असते. रात्रीची वीज असलेल्या शेतकऱ्याला ही अट पाळता येत नाही. दहाला गोळी घेऊन दोनला मोटार सुरू करायला उठलेला माणूस अर्ध्या गुंगीत विहिरीच्या काठावर, ओल्या जमिनीवर, स्टार्टरच्या पेटीजवळ आणि अंधारात विंचू-सापांच्या वाटेवर असतो. दिवसा वीज मिळावी ही मागणी आरोग्याशीही जोडलेली आहे, ती अशी. तोवर, ज्या आठवड्यात रात्रीची पाळी आहे त्या आठवड्यात गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवायला हवे. तेच एमआयडीसीतल्या रात्रपाळीच्या कामगारांचे आणि फवारणी, मळणी यंत्र, ट्रॅक्टर अशी जोखमीची कामे करणाऱ्यांचे.

अमरावती-अकोला अपडाऊन करणारे नोकरदार, ट्रॅव्हल्सचे आणि मालवाहू गाड्यांचे चालक यांच्यासाठी सकाळची गुंगी हाच मोठा धोका आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ असो की समृद्धी महामार्ग, सरळ आणि एकसुरी रस्त्यावर क्षणभराची डुलकीही पुरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार औषधाच्या अमलाखाली, गाडीवर ताबा ठेवता येणार नाही अशा अवस्थेत वाहन चालवणे हाही गुन्हा आहे. गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची होती, एवढ्याने अपघात टळत नाही.

तिसरा मुद्दा सर्वात नाजूक. पहाटे तीन-चारला जाग येणे आणि पुन्हा झोप न लागणे हे नैराश्याचे ठळक लक्षण असते. नापिकी आणि कर्जाने खचलेला माणूस ‘मन लागत नाही’ असे सहसा सांगत नाही. तो ‘झोप येत नाही’ एवढेच सांगतो. त्याला केवळ झोपेची गोळी मिळाली तर लक्षण झाकले जाते आणि आजार तसाच राहतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पाचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त प्रसिद्ध झाले. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलून, गरजूंना समुपदेशन आणि डॉक्टरांपर्यंत नेले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. ऐकून घेणारा माणूस गावात असेल तर काय घडू शकते, हे वऱ्हाडानेच दाखवून दिले आहे.

ज्येष्ठांना अधिक जपावे लागते, ते का?

वय वाढते तसे यकृत आणि मूत्रपिंडाचे काम मंदावते आणि औषध शरीरात जास्त रेंगाळते. मेंदूही त्याला अधिक संवेदनशील होतो. रात्री लघवीला उठलेले आजोबा गुंगीत पडतात, खुब्याचे हाड मोडते आणि चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेने ज्येष्ठांसाठी शक्यतो टाळायच्या औषधांची जी यादी केली आहे, तीत बेन्झोडायझेपिन आणि झेड औषधे दोन्ही आहेत. गोंधळणे, दिवस-रात्रीचे भान न राहणे, विसरभोळेपणा ही लक्षणे अनेकदा ‘म्हातारपणाची’ मानली जातात. त्यामागे गोळी असू शकते. दीर्घकाळ वापर आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध काही पाहण्यांत दिसला असला, तरी गोळीमुळेच तो होतो हे सिद्ध झालेले नाही.

कोणत्या औषधांशी, कोणत्या आजारात संयोग घातक?

दारू आणि झोपेची गोळी हा सर्वात धोकादायक मेळ. दोन्ही मेंदूला मंदावतात आणि श्वास मंद होत थांबू शकतो. ट्रामाडोल, कोडीन, मॉर्फिन या वेदनाशामकांबरोबरही हाच धोका असल्याने २०१६ मध्ये अमेरिकेत त्याबाबत चौकटीतला इशारा आला. हॉलिवूड अभिनेता हीथ लेजर याचा २००८ मध्ये झालेला मृत्यू अनेक औषधांच्या अशाच एकत्रित परिणामाने झाला होता. त्यात वेदनाशामकांबरोबर झोपेची आणि चिंतेवरची औषधे होती. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके आणि इट्राकोनाझोलसारखी बुरशीवरील औषधे अल्प्राझोलामचे रक्तातले प्रमाण वाढवतात.

मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला झोप अपुरी वाटते म्हणून गोळी दिली, तर त्याचा श्वास आणखी अडू शकतो. दमा-सीओपीडी, यकृताचे आजार, गर्भारपण आणि स्तनपान या सगळ्यांत डॉक्टरांना आधी सांगणे आवश्यक. लांबणीच्या परिणामाची, ‘सीआर’ लिहिलेली गोळी अर्धी करून किंवा चावून घेऊ नये. तिच्यातले औषध एकदम सुटते.

सवय कशी लागते? एकदम बंद का करू नये?

काही आठवड्यांत मेंदू औषधाला सरावतो. पूर्वी पाव गोळीने येणारी झोप अर्ध्या गोळीने येते, मग एका गोळीने. गोळी चुकली की त्या रात्री झोप येत नाही आणि ‘गोळीशिवाय आपले जमत नाही’ असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात ती रात्र बहुतेकदा मूळ निद्रानाशाची नसते. औषध एकदम थांबल्याने उसळून आलेल्या निद्रानाशाची असते. घाबरेपणा, घाम, हातांना कंप, धडधड आणि दीर्घकाळ मोठी मात्रा घेणाऱ्यांत फिट येणे, भ्रम होणे असे प्रकारही होऊ शकतात. क्वचित ते जिवावर बेततात.

म्हणूनच अनेक आठवडे किंवा महिने रोज गोळी घेत असलेल्यांनी, हा किंवा कोणताही लेख वाचून, ती आज रात्रीपासून बंद करू नये. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. अनेकदा दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात, अशा संथ गतीने. त्रास वाढला तर त्याच टप्प्यावर थांबून मग पुढे जाता येते. यात काही महिने गेले तरी ते अपयश नव्हे.

याच सवयीची दुसरी बाजू नशेच्या बाजारात दिसते. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ या नावाने ओळखली जाणारी गोळी म्हणजे अल्प्राझोलामच. घरातल्या कपाटात उघडी पडलेली पाकिटे मुलांच्या हाती लागू नयेत, हे यासाठीही बघायला हवे.

कायदा काय सांगतो?

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम आदी औषधे ‘अनुसूची एच-१’मध्ये आहेत. ही अनुसूची ३० ऑगस्ट २०१३ रोजी अधिसूचित झाली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. ही औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. विक्रेत्याने डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या स्वतंत्र नोंदवहीत लिहायची आणि ती नोंदवही तीन वर्षे जपायची असते. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते. शिवाय ही औषधे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेतही येतात.

‘मेडिकलवाला ओळखीचा आहे’ ही सोय वाटते, पण चिठ्ठी मागणारा दुकानदार अडवणूक करत नसतो, तो रुग्णाचे आणि स्वतःचेही हित पाहतो. प्रश्न एकट्या दुकानदाराचाही नाही. दिवसाला शेकडो रुग्ण तपासणाऱ्या बाह्यरुग्ण विभागात झोपेची चौकशी करायला दहा मिनिटे मिळत नाहीत आणि गोळी लिहायला दहा सेकंद पुरतात. पुढची तपासणी ठरलेली नसेल तर चिठ्ठीवरची मुदत कागदावरच राहते. चिठ्ठीवर ‘किती दिवस’ याबरोबर ‘पुन्हा केव्हा यायचे’ हेही लिहिले गेले, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

गोळीशिवाय उपाय आहे का?

जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सर्व प्रौढांसाठी ‘बोधात्मक वर्तन उपचार’ हाच प्रथम पर्याय ठरवला. युरोपातील तज्ज्ञांची शिफारसही तीच आहे. साधारण चार ते आठ बैठकांत तो शिकवला जातो. रोज एकाच वेळी उठायचे. अंथरूण फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचे आणि डोळे जड झाल्यावरच परत यायचे. दिवसाची लांब झोप टाळायची. ‘आज झोपलो नाही तर उद्या संपलो’ या विचाराची धार कमी करायची. फिट येणारे, तीव्र मनोविकार असलेले आणि जोखमीचे काम करणारे यांनी यातला झोपेचे तास कमी करण्याचा भाग तज्ज्ञांशिवाय करू नये.

त्याआधी कारण शोधायला हवे. संध्याकाळनंतरचा चहा, तंबाखू-खर्रा, रात्री उशिरापर्यंतचा मोबाइल, थायरॉइड, सांधेदुखी, मधुमेहामुळे रात्री वारंवार होणारी लघवी, दारू यांपैकी काही असेल तर गोळीने ते बरे होत नाही. पहाटे उठणे भाग असलेल्यांना ‘आठ तास सलग झोपा’ हा सल्ला पोकळ वाटेल. त्यांच्यासाठी पाळी संपल्यावर अंधाऱ्या, थंड खोलीत ठरलेल्या वेळी झोप घेणे हा अधिक व्यवहार्य मार्ग आहे.

गोळी लिहून दिली तर काय विचारावे, मदत कुठे मिळेल?

चार प्रश्न पुरेसे आहेत. ही गोळी किती दिवस घ्यायची? ती बंद कशी करायची? माझ्या चालू औषधांबरोबर चालेल का? सकाळी गाडी चालवू शकतो का? उत्तरे चिठ्ठीवरच लिहून घेतलेली बरी. घरात पाकिटांचा साठा करू नये आणि मन खचलेल्या माणसाची औषधे घरच्या दुसऱ्या व्यक्तीने जपावीत.

अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि अमरावतीत इर्विन, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय, येथे मानसिक आरोग्याबाबत सल्ला घेता येतो. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. औषधाचा दुष्परिणाम जाणवल्यास रुग्ण स्वतःही १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय औषध दक्षता क्रमांकावर कळवू शकतो. चिठ्ठीशिवाय विक्रीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ वर करता येते. गोळी घेतलेली व्यक्ती हलवूनही उठत नसेल, श्वास संथ झाला असेल, ओठ निळसर पडले असतील तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे आणि पाकीट सोबत न्यावे.

झोप न येणे ही क्षुल्लक तक्रार नाही आणि त्यासाठी औषध घेणे हा कमकुवतपणाही नाही. मात्र जी गोळी सुरू करताना ती थांबवायची तारीख ठरत नाही, ती पुढे औषध राहत नाही, सवय होते. ती तारीख विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि सांगणे ही डॉक्टरांची जबाबदारी.